चोपदाराच्या हातातलं मूळ

सोनईच्या आमच्या घरात आजोबांची एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. पुढून उघडली की ऊस, कडबा आणि बैलांच्या देण्याघेण्याचा हिशेब. मागून उघडली की औषधं. आजोबा वैद्य नव्हते. कुणी सांगितलं, कुठं कानावर पडलं, ते लिहून ठेवायचे. मुतखडा, मूळव्याध, जनावराची पोटफुगी यांच्यामध्ये एका पानावर एवढंच आहे : गरमीवर चोपचिनी. पूड पाव तोळा, मधातून. मीठ वर्ज्य. न राहवल्यास शेंदेलोण चालेल.

गरमी म्हणजे उन्हाळा नव्हे, उपदंश. जुन्या माणसांचा हा झाकलेला शब्द.

त्या ओळी मी कित्येकदा वाचल्या होत्या आणि पान उलटलं होतं. अडखळलो तो नगरच्या बाजारपेठेत, अत्तारांच्या दुकानात. काष्ठौषधींचं जुनं दुकान आहे. पत्र्याचे डबे, त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, आणि आत शिरलं की वेखंडाचा घसा धरणारा वास. मी चोपचिनी मागितली. चाचांनी खालच्या फळीवरून डबा ओढला आणि एक गाठाळ, तपकिरी तुकडा माझ्या हातावर ठेवला. दगडासारखा जड.

"हे मूळ कुठून येतं, चाचा?"

"मूळ कुठलं, सर? चोब है ये. चोब बोले तो लकडी. तुमच्या वारीत चोबदार असतो ना, त्याच्या हातातली चोब. वोईच."

मी तुकडा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीची वेळ होते, हजारो टाळ-मृदंग एकाच वेळी वाजत असतात. चोपदार उंच जागी उभे राहून हातातला दंड वर करतात, आणि सगळा तळ एका क्षणात गप्प होतो. लहानपणापासून हा शब्द ऐकतोय. त्यातला 'चोप' काय आहे असं एकदाही मनात आलं नव्हतं. आणि तोच चोप आजोबांच्या वहीत, लाज वाटावी अशा एका रोगावरच्या औषधाच्या नावात बसलेला निघाला.

फारसीत 'चोब' म्हणजे लाकूड, काठी. राजाच्या पुढे सोन्या-चांदीनं मढवलेली काठी घेऊन चालणारा तो चोबदार. तंबूचा खांब चोब, नौबत वाजवायची टिपरीही चोब. 'चोब-ए-चिनी' म्हणजे चिनी लाकूड. इथवर कुठल्याही कोशात सापडेल. मला छळणारा प्रश्न पुढचा आहे : मुळाला लाकूड का म्हटलं?

चोपचिनी हे लाकूड नाहीच. ती घोटवेलीच्या जातीतल्या काटेरी वेलींची जमिनीखालची गाठ आहे; स्मायलॅक्स हे त्या वंशाचं शास्त्रीय नाव. आपल्या सह्याद्रीत वाढते ती घोटवेल याच वंशातली. औषधात जाते ती दक्षिण चीन, व्हिएतनाम, थायलंड या पट्ट्यातली. आपल्याकडे खासी आणि गारो टेकड्यांतही तिची एक जात मिळते. फारसीत मुळासाठी चांगला चालता शब्द आहे, 'बेख'. युनानी दवाखान्यात जाऊन पाहा, बेख-ए-कासनी, बेख-ए-बादियान अशी नावं ओळीनं दिसतील. मग ही 'बेख-ए-चिनी' का नाही झाली?

याचं एक उत्तर आपल्याच दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं आहे : काष्ठौषधी. काष्ठ म्हणजे लाकूड, आणि आपण त्यात हिरड्यापासून ज्येष्ठमधापर्यंत सगळं घालतो. फळ, साल, मूळ, काय वाट्टेल ते. वाळलं, कडक झालं की काष्ठ. तसंच फारसीतही झालं असेल. दुसरं उत्तर स्वयंपाकघरात आहे. दालचिनी. तिचं मूळ फारसी रूप 'दारचिनी', आणि 'दार' म्हणजे झाड, लाकूड. म्हणजे दालचिनी आणि चोपचिनी या दोन्ही नावांचा अर्थ तंतोतंत एकच आहे, चिनी लाकूड! दारचिनी हा शब्द इस्लामपूर्व इराणपासून चालत आलेला. सोळाव्या शतकात नवीन माल आला तेव्हा त्याच साच्यात नवीन नाव ओतलं, असं कुणी म्हणालं तर खोडून काढणं सोपं नाही.

या 'चिनी'चा एक गोतावळाच अत्तारांच्या डब्यांत आहे. रेवाचिनी खरोखर चीनकडून आली. कबाबचिनी, म्हणजे आपलं कंकोळ, जावा बेटावरचं. चीनशी तिचा संबंध नाही. पूर्वेच्या समुद्रावरून जे जे उतरलं त्याला इराणी-अरबी व्यापाऱ्यांनी 'चिनी' म्हटलं. चिनी हा गावाचा पत्ता नव्हता, तो मालाचा छाप होता.

तरीही दारचिनीचा साचा मला पुरेसा वाटत नाही. दालचिनी झाडाची साल आहे, तिला लाकूड म्हणायला जागा आहे. चोपचिनीला नाही. माझं उत्तर वेगळं आहे आणि त्याचा रस्ता अहमदनगरच्या दरबारातून जातो.

१४९५च्या सुमारास इटलीत नेपल्सच्या लढाईत उपदंशाची साथ फुटली. पोर्तुगीज जहाजांबरोबर ती हिंदुस्थानात आणि पुढे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर पोचली. युरोपात त्यावर पहिलं गाजलेलं औषध अमेरिकेच्या बेटांवरून आलं : ग्वायकम नावाच्या झाडाचं लाकूड, खरोखरचं लाकूड, किसून उकळायचं. लोकांनी त्याला 'पवित्र लाकूड' नाव दिलं. उलरिख फॉन हुटेन या जर्मन सरदारानं स्वतःच्या उपचारावर १५१९मध्ये पुस्तक लिहिलं. चाळीस दिवस कोंडून घ्यायचं, जवळजवळ उपाशी राहायचं, आणि लाकडाचा काढा प्यायचा. एका पिढीत ठरून गेलं की या रोगावर 'लाकूड' घेतात.

मग पूर्वेकडून दुसरं औषध आलं, हीच चोपचिनी, पथ्याला सौम्य. पाचवा चार्ल्स बादशहा गाउटसाठी ते घेऊ लागला, आणि शरीररचनाशास्त्राचा पाया घालणाऱ्या व्हेसालियसनं १५४६मध्ये त्यावर एक मोठं पत्र छापलं. काढा कसा द्यायचा हे सांगता सांगता गॅलेनच्या चुकाच त्यानं जास्त दाखवल्या, तो भाग वेगळा.

त्या काळात गोव्यात गार्सिया द ओर्ता राहत होता. १५३४मध्ये आलेला पोर्तुगीज वैद्य, जन्मानं ज्यू घराण्यातला, वरून ख्रिस्ती. त्याचं हिंदुस्थानी औषधांवरचं पुस्तक १५६३मध्ये गोव्यात छापलं गेलं. संवादांच्या रूपात आहे. स्पेनहून आलेला रुआनो प्रश्न विचारतो, ओर्ता उत्तरं देतो. त्यातला एक अख्खा संवाद चीनच्या मुळावर आहे. तिथे रुआनो म्हणतो की चीनचं मूळ किंवा लाकूड पोर्तुगालला न्यायचंय. 'मूळ किंवा लाकूड'! पोर्तुगीजात लाकूड म्हणजे 'पाउ'. हा माणूस बाजारातलं चालतं नाव वापरतोय. गोव्याच्या बंदरावर या मुळाला लाकूड म्हणत होते, कारण युरोपियनांच्या डोक्यात त्या रोगावरचं औषध म्हणजे लाकूडच होतं.

हाच ओर्ता बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य होता. गोव्याहून घाट चढून तो अनेकदा नगरला आला. त्यानं लिहून ठेवलंय की निजामशहा त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवायचा आणि तो निजामशहाला लॅटिन नावं. सोनईहून एसटीनं तास-सव्वा तासावर असलेल्या या शहरात, एका दख्खनी सुलतानासमोर बसून गोव्याचा वैद्य आणि तो सुलतान शब्दांची देवाणघेवाण करत होते. दरबाराची भाषा फारसी. बाजूला इराणहून आलेले शाह ताहिरसारखे विद्वान. माझी खात्री आहे की 'पाउ'चा 'चोब' अशाच एखाद्या बैठकीत झाला; नगरला नाही तर होर्मुझला. होर्मुझ १५१५पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं आणि इराणचा समुद्री माल तिथूनच जायचा. शिराझच्या इमादुद्दीन महमूदनं सोळाव्या शतकात चोब-ए-चिनीवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. औषध पोर्तुगीज बंदरातून आत गेलं आणि बंदरावरचं नाव भाषांतर होऊन सोबत गेलं.

दारचिनीचा साचा तयार होता, काष्ठौषधीची सवय होती, हे मी मान्य करतो. पण 'बेख' हाताशी असताना 'चोब' निवडायला काहीतरी धक्का लागतो. तो धक्का पवित्र लाकडाचा होता.

ओर्ता १५६८मध्ये वारला. १५८०मध्ये इन्क्विझिशननं त्याची हाडं उकरून जाळली. पणजीच्या बागेला आज त्याचं नाव आहे.

आता 'चोब'चा 'चोप' कसा झाला? हे किरकोळ वाटेल, पण मला यातच जास्त रस आहे. मराठीनं फारसीतून घेतलेल्या शब्दांच्या शेवटचा 'ब' सहसा जपला आहे. गुलाब, हिशेब, जबाब, नवाब, कबाब. एकाचाही 'प' झाला नाही. चोपचिनीपुरतं बोलायचं तर 'ब'च्या पाठोपाठ 'च' येतो, तो कठोर वर्ण. जिभेनं 'ब'चा 'प' करून टाकला तर नवल नाही. पण चोबदारात पुढे 'द' आहे, मृदू. तिथे 'ब' सुखानं राहायला हवा होता. हिंदीत राहिलाही, तिकडे आजही चोबदारच म्हणतात. मराठीत मात्र चोपदार.

काहीजण याचं उलट टोक धरतात : 'चोप देणे' हा वाक्प्रचारच चोबीवरून आला, काठीनं मारणं म्हणून चोप. ऐकायला गोड आहे, पण सोनईत वाढलेल्या माणसाला ते पटणार नाही. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. पावसाळ्याआधी वर पांढरी माती पसरायची, पाणी शिंपडायचं आणि लाकडी चोपण्यानं चोपायची, भेग राहता कामा नये. पोरांनाही तेच काम. खाली अंगण चोपायचं. नऊवारी नेसायची ती चापूनचोपून. आणि मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी आल्यावर, उसाला पाटच्या पाट सोडल्यावर, ज्या जमिनी क्षार वर येऊन घट्ट झाल्या, ज्यांत पाणी मुरेना, त्यांना इथला शेतकरी म्हणतो चोपण. ओली असताना चिकट, वाळली की चोपलेल्या अंगणासारखी. या सगळ्या शब्दांत काठी कुठेच नाही. दाबून, थोपटून सपाट करणं आहे. 'चोप' हा आपला घरचा शब्द आहे, आणि पाठीत चोप बसतो तो याच घरातला.

म्हणून मी असं मांडतो. फारसी चोबदार जेव्हा मराठी कानावर पडला, तेव्हा त्या कानात 'चोप' आधीपासून होता. हातात दांडा घेतलेला, गर्दीला मागे सारणारा, प्रसंगी चोप देणारा माणूस. त्याला चोपदार म्हणायला मराठी माणसाला कोश उघडावा लागला नाही. परक्या शब्दाला घरच्या शब्दानं ओढून आपल्याजवळ बसवलं. चोपचिनी त्याच्या मागोमाग आली.

संस्कृतात याच मुळाचं नाव वेगळं आहे, आणि ते मला सगळ्यांत सुंदर वाटतं : द्वीपांतर वचा. दुसऱ्या द्वीपावरचं वेखंड. हे नाव भावमिश्राच्या भावप्रकाशात आहे, तोही सोळाव्या शतकाचा. फिरंग रोग नावानं उपदंशाचं वर्णन करणारा आयुर्वेदातला हा पहिला ग्रंथ. रोगाचं नाव फिरंग्यांवरून, औषधाचं नाव द्वीपांतरावरून. एकाच पानावर पश्चिम आणि पूर्व.

द्वीपांतर म्हणजे निव्वळ 'परदेश', असं बऱ्याच जणांचं मत आहे. मला ते मान्य नाही. कालिदासानं रघुवंशाच्या सहाव्या सर्गात लवंगेची फुलं द्वीपांतराहून वाऱ्याबरोबर येतात असं म्हटलं आहे, आणि त्या काळी जगात लवंग फक्त मोलुक्का बेटांवर, आजच्या इंडोनेशियात व्हायची. सिल्व्हाँ लेव्ही या फ्रेंच पंडितानं १९३१मध्ये दाखवलं की जुन्या संस्कृत-चिनी शब्दकोशात द्वीपांतराला 'कुनलुन' हा प्रतिशब्द आहे, आणि कुनलुन म्हणजे चिन्यांच्या लेखी आग्नेय आशियातली बेटं आणि तिथले खलाशी. म्हणजे द्वीपांतर हा नकाशावर बोट ठेवता येईल असा शब्द होता.

भावमिश्रापर्यंत येता येता त्याचा अर्थ सैल झाला असेल, असं कुणी म्हणेल. पण त्याच्या पेटीत बाकी काय होतं ते पाहा. फिरंग हा शब्द त्याच्याकडे होता. त्यानं फिरंग वचा म्हटलं नाही. पारसीक होता, आणि पारसीक वचा नावाचं दुसरं वेखंड तो त्याच ठिकाणी सांगतो. चीनही होता, कापराची एक जात तो चिनी म्हणून देतो. या नावापुरते तिन्ही शब्द बाजूला ठेवून त्यानं द्वीपांतर उचलला. माझ्या मते मूळ कँटनच्या बाजूनं जहाजात चढायचं, पण आपल्याकडच्या व्यापाऱ्याला ते मिळायचं मलाक्कात. तिथली गोदी १५११पासून पोर्तुगीजांची. 'चिनी' हा एरवी नुसता छाप असला तरी चोपचिनीपुरतं फारसी नावात माल कुठे उगवतो ते आहे, संस्कृत नावात तो कुठल्या बंदरात हाती लागतो ते. चीनमध्येही ली शिझेननं आपल्या ग्रंथात, जो १५९६मध्ये छापला गेला, लिहिलंय की हे फोड पूर्वी नव्हते, दक्षिणेकडून आले, आणि त्यावर हे मूळ, तिकडचं तूफूलिंग, चालतं. हाँगकाँगमध्ये ते आजही कासवाच्या जेलीत घालून खातात.

भावमिश्राची मात्रा एक शाण, मधातून, मीठ सोडून; मीठ सोडवत नसेल त्यानं सैंधव खावं. शाण म्हणजे साधारण तीन ग्रॅम. पाव तोळाही तेवढाच. वहीतलं शेंदेलोण वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. संस्कृताचं एक अक्षर न शिकलेल्या माझ्या आजोबांनी, कुणाच्या तरी तोंडून ऐकून, चारशे वर्षांपूर्वीची ती सूचना जशीच्या तशी उतरवली होती. पाऱ्याचा रसकर्पूर भावमिश्र याच रोगावर देतो. तो वहीत नाही, आणि नाही हे बरं.

तुकडा घरी आणला. चांगली चोपचिनी जड असते, आत गुलाबी, कमी गाठींची, किडीचं भोक नसलेली. अडकित्त्यानं फुटेना. रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी विळीवर चकत्या निघाल्या. साल तपकिरी, आतला गर फिकट गुलाबी, पिठूळ. अर्ध्या चकत्या सावलीत वाळवून खलात कुटल्या आणि वस्त्रगाळ केल्या. उरलेल्या अर्ध्यांचा काढा, शार्ङ्गधराच्या मापानं : सोळापट पाणी, मंद आच, आठवा हिस्सा उरेपर्यंत. रंग चहासारखा तांबूस आला. चव जवळजवळ नाहीच. जरा तुरट, पिठाच्या पाण्यासारखी. रोगावर आता पेनिसिलीन आहे, त्यामुळे घरात कुणाला तो काढा प्यायचा नव्हता. मला पाहायचा होता.

आईनं चकती उचलून नाकाशी धरली. "वेखंड म्हणतोस? अरे, हिला वास कुठंय?"

तिनं देवळीतली सहाण काढली, नातवंडांच्या गुटीसाठी ठेवलेला वेखंडाचा तुकडा पाण्यात उगाळला आणि माझ्यापुढे सरकवला. खोलीभर वास. शेजारी चोपचिनीची चकती उगाळली. सहाणेवर गुलाबीसर पेज उरली, वास नाही.

आईचं म्हणणं खोडता येत नाही. वेखंडाची खूणच वास, आणि भावमिश्राला ते माहीत नसेल असं कसं म्हणायचं? बहुधा त्याच्याकडे वाळलेला, किरकोळ आकाराचा माल आला असेल, गाठी-गाठींचा, आणि डोळ्यांनी तो वेखंडात घातला असेल. कोळिंजनालाही त्यानं एक वचाच मानलं आहे. किंवा व्यापाऱ्यानं वेखंडाच्याच पोत्यांतून पाठवला असेल आणि वास माखून आला असेल. दुसरी शक्यता मला जास्त आवडते, कारण चाचांच्या दुकानातला तुकडाही पहिल्या दिवशी वेखंडासारखाच वासत होता. दोन्ही डबे एकाच फळीवर आहेत.